साडूभाऊ, क्यूब आणि चौसष्ट पाउंड

वाचकाचा प्रश्न

लंडनच्या एका उपनगरात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचे साडू अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतात. बहिणी-बहिणींचं जाणं-येणं असल्यामुळे शुक्रवारी रात्री जेवणं झाली की या दोघांचा बॅकगॅमनचा पट पडतो. पॉइंटला एक पाउंड. हिशेब वहीत लिहायचा आणि 'वर्षअखेरीला बघू' म्हणायचं, अशी पद्धत. आज वहीप्रमाणे साडूंकडे १४३ पाउंड निघतात. त्यातले ६४ एकाच डावाचे आहेत आणि भांडण त्याच डावावरून आहे. साडू म्हणतात, "एका डावाचे चौसष्ट? असं कुठे असतं का? आम्ही हॅरिंगेला तुर्की दोस्तांबरोबर वर्षानुवर्षं खेळलो, हरणारा चहा पाजतो, संपलं." वाचकांचं म्हणणं, नियम आपल्या बाजूने आहेत. पत्नी म्हणतात, सोडून द्या. गोष्ट साताऱ्याला सासऱ्यांच्या कानावर गेली आहे आणि त्यांनी दोन्ही जावयांना एकदमच जुगारी ठरवलं आहे. वाचक विचारतात: नियमाने पैसे माझेच ना? मागावेत की सोडावेत? पैसे न लावता खेळायचं तर क्यूबला, म्हणजे भाव दुप्पट करायच्या फाशाला, काही अर्थच राहत नाही, मग करायचं काय? शिवाय बारा वर्षांचा मुलगा शेजारी बसून खेळ शिकतोय, ते चालू द्यावं का?

उत्तर

तुम्ही नियमाचा प्रश्न आधी विचारलात, तर तोच आधी निकालात काढू. नियमाने तुमचे ६४ होत नाहीत. ३२ होतात.

कसे, ते सांगण्याआधी ज्यांनी हा पट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चोवीस त्रिकोणी घरं, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या, दोन फासे. सगळ्या सोंगट्या फिरवत आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि तिथून एकेक बाहेर काढायची. ज्याच्या आधी संपतील तो जिंकला, त्याचा एक पॉइंट. समोरच्याची एकटी सोंगटी सापडली तर ती मारता येते. मेलेली सोंगटी पटाच्या मधल्या पट्टीवर, बारवर जाते आणि तिथून पुन्हा प्रवासाला लागते. हरणाऱ्याची एकही सोंगटी बाहेर निघाली नसेल तर तो गॅमन, म्हणजे दुप्पट. एखादी अजून बारवर किंवा जिंकणाऱ्याच्या शेवटच्या सहा घरांत अडकलेली असेल तर बॅकगॅमन, तिप्पट. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण लावतो तो तिसरा फासा, डबलिंग क्यूब. त्याच्यावर २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असतात. आपली बाजू वर आहे असं वाटलं की दान टाकण्याआधी 'दुप्पट' म्हणून क्यूब समोरच्याकडे सरकवायचा. त्याने तो नाकारला तर तो चालू भावाने हरला आणि डाव तिथेच संपला. घेतला तर भाव दुप्पट झाला, आणि पुढची दुप्पट सांगण्याचा हक्क फक्त त्याच्याकडे आला.

आता तुमचा डाव. कोण आधी खेळणार हे ठरवताना दोघांचेही तीन पडले, क्यूब आपोआप २ वर गेला. पुन्हा दोघांचे पाच पडले, ४ वर गेला. मग तुम्ही दुप्पट सांगितलीत, ८. साडूंनी घेतली. पुढे डाव हातातून जात असताना साडूंनीच उलट दुप्पट सांगितली, १६. त्यावर तुम्ही 'बीव्हर' म्हणालात, म्हणजे जागच्या जागी ३२ केलेत आणि क्यूबही आपल्याकडेच ठेवलात. शेवटी गॅमन झाला. बत्तीस दुणे चौसष्ट.

गणित बिनचूक आहे. पण तुमच्याच पत्रात एक ओळ आहे: 'बीव्हर काय असतं हे त्याला माहीत नव्हतं, मी तेव्हाच समजावून सांगितलं.' तेव्हाच, म्हणजे क्यूब १६ वर आल्यानंतर. बीव्हर, बरोबरीच्या पहिल्या दानाची आपोआप दुप्पट, आणि क्यूब फिरला नसेल तर गॅमन मोजायचा नाही हा जेकबी नियम, या तिन्ही गोष्टी पैशाच्या खेळात सर्रास चालतात, पण त्या ऐच्छिक आहेत. खेळणाऱ्यांनी आधी मान्य केल्या तरच त्या लागू होतात. आपोआप दुप्पट तुम्ही दोघं सुरुवातीपासून खेळत आला आहात, ती ठेवा. बीव्हर त्या रात्री पहिल्यांदाच आला, डाव अर्ध्यावर असताना आणि तुमच्या फायद्याचा होऊन आला. तो वगळला की क्यूब १६ वर राहतो, गॅमनचे ३२.

म्हणजे वहीतला आकडा १४३ नसून १११ आहे. निवाडा एवढाच असता तर मी चार ओळींत पत्र संपवलं असतं.

तोच डाव, तीच दानं, त्याच चाली धरा. तुमच्या हिशेबाने ६४ पाउंड. बीव्हर काढला तर ३२. आपोआप दुप्पटही काढली, नुसता क्यूब ठेवला, तर ८. आणि क्यूबही काढला, साडू हॅरिंगेतल्या ग्रीन लेन्सच्या तुर्की बैठकीत जसं खेळायचे तसं धरलं, तर २. तिथे गॅमनला मार्स म्हणतात आणि त्याचे दोन धरतात, एवढंच. पटावर सोंगट्या एका घरानेही इकडच्या तिकडे झाल्या नाहीत, तरी हरणाऱ्याने द्यायची रक्कम २ पासून ६४ पर्यंत कुठेही असू शकते. साडू 'असं कुठे असतं का' म्हणतात तेव्हा ते रडीचा डाव खेळत नाहीयेत. ते दुसराच खेळ खेळत होते, एवढाच त्याचा अर्थ.

तुर्कस्तानातला तवला आणि तुमचा बॅकगॅमन यांचा पट एक, फासे एक, सोंगट्यांची मांडणीही एक. पण तवला चहाच्या पेल्यावर वाढलेला खेळ आहे. फटाफट चाली, भरपूर टोमणे, आणि पाच डाव आधी जिंकेल तो जिंकला. क्यूब आला न्यूयॉर्कच्या क्लबांतून, १९२० च्या दशकात. तो कुणी शोधला याची कुठे नोंद नाही. पैसेवाल्यांच्या बैठकीत खेळाला धार आणायला आलेला तो फासा आहे, आणि १९३१ साली तिथे नियम लिहून काढले गेले तेव्हा त्यात तो जाऊन बसला. तुम्ही ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यांकडून शिकलात, म्हणून तुम्हाला क्यूब हा खेळाचाच भाग वाटतो. साडूंना तो वरून लावलेला वाटतो. दोघांनी एका पटावर बसून वर्षभर ही गोष्ट एकमेकांना सांगितली नाही, आणि सांगायची वेळ आली ती १६ च्या क्यूबवर.

आता तुमच्या पत्रात न बोलता धरून चाललेल्या एका गोष्टीकडे येते. 'पॉइंटला एक पाउंड म्हणजे किरकोळ', असं तुम्ही लिहिता. क्यूब नसेल तर हो, किरकोळच. क्यूबच्या खेळात पॉइंटचा भाव हा सुरुवातीचा आकडा असतो. डाव लावताना एका संध्याकाळी जास्तीत जास्त किती जाऊ शकतात आणि तेवढे गेले तर दोघांपैकी कोणाला टोचेल, हे विचारायला हवं. रमीत पॉइंटला दहा पैसे लावले तरी एका हातात किती गुण अंगावर येऊ शकतात याला मर्यादा असते. आपोआप दुप्पट आणि बीव्हरसकट खेळलेल्या बॅकगॅमनला तशी मर्यादा नाही. क्यूबवर आकडे ६४ ला संपतात, दुप्पट तिथेही थांबत नाही. दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ब्लाइंड कितीची आहे यापेक्षा चाल कुठवर जाईल यावर रात्र ठरते.

दुसरी गोष्ट त्या १६ च्या दुपटीची. तुम्ही स्थिती लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. साडूंची एक सोंगटी बारवर. तुमच्या शेवटच्या सहा घरांपैकी चार त्यांना बंद. दोन नंबरच्या घरात तुमची एकटी सोंगटी उघडी, पाच नंबर मोकळं. साडूंना दोन पडले तरच ते तुमची सोंगटी मारणार. दोन फाशांची छत्तीस दानं; त्यांपैकी निदान एका फाशावर दोन असलेली दानं अकरा. म्हणजे तीनातून एकदासुद्धा नाही. अशा वेळी दुप्पट सांगणं हे पटाकडे बघून केलेलं नाही. साडू त्या रात्री आधीच वीस पाउंड खाली होते असं तुम्हीच लिहिता. ते वहीकडे बघून खेळले. आणि तुम्ही ते ओळखलंत, म्हणून तर बीव्हर म्हणालात. समोरच्याची दुप्पट चुकली आहे अशी खात्री असली तरच कुणी बीव्हर करतो.

खेळाडू म्हणून तुमचं काही चुकलं नाही. पण मग 'फासे माझ्या बाजूने पडले, मी काय करू' हे वाक्य पत्रातून काढायला हवं. एखाद्या संध्याकाळी फासे काहीही करू शकतात. १९७९ साली माँटे कार्लोला एका संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्याला, लुइजी व्हिला यांना ७-१ असं हरवलं, आणि त्या प्रोग्रामचे कर्ते हान्स बर्लिनर यांनीच नंतर कबूल केलं की दानं त्यांच्या बाजूने पडली होती, चाली व्हिलांच्या सरस होत्या. पण ती गोष्ट एका छोट्या सामन्याची. वर्षभराच्या शुक्रवारांत दानं दोघांना साधारण सारखी पडतात आणि जो मोजू शकतो तो पुढे जातो. महाभारताच्या वनपर्वातला नळ पहिल्यांदा सगळं हरतो तेव्हा त्याला फक्त खेळायचा नाद असतो. पुष्करावर उलटवतो तो ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकून आल्यावर, आणि ऋतुपर्णाची ती विद्या कोणती, तर बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता त्यांची संख्या सांगण्याची. तुमच्या घरात अक्षहृदय तुम्हाला येतं, साडूंना नाही. १११ पाउंडांतला बराच भाग त्या फरकाचा आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की तुम्ही साडूंना क्यूब शिकवा. एका चहात होणारं काम आहे. दुप्पट आली, घ्यायची की नाही? नाकारली तर एक पॉइंट जातो, तेव्हा चार वेळा नाकारली तर चार गेले. चारही वेळा घेतली आणि त्यांतला एकच डाव जिंकला, तर दोन आले, सहा गेले, वजा चार. हिशेब तोच. म्हणजे चारातून एकदा जिंकण्याची आशा असेल तिथपर्यंत घ्यायला हरकत नाही, त्याच्या खाली असेल तर मुकाट्याने डाव सोडायचा. गॅमनची भीती असेल तर थोडं आणखी सावध. पुढचं दोघांनी मिळून शिकायचं असेल तर जीएनयू बॅकगॅमन हा फुकट प्रोग्राम आहे, तो प्रत्येक चाल तपासून देतो. तुमच्याही चुका निघतील, साडूंना ते बघायला आवडेल.

आता पैसे. मागावेत की सोडावेत, असं तुम्ही विचारता. दोन्हींत मला अडचण दिसते. वही पुढे करून १४३ मागितलेत तर आकडाच चुकीचा आहे. 'जाऊ दे, माफ केले' म्हणालात तर त्याहून वाईट. साडूंना वर्षभर तुम्ही लहान मुलाबरोबर खेळल्यासारखं होईल, आणि ते उद्या जिंकले तर त्यांना तुमच्याकडून मागता येणार नाही. तुम्ही हरला असतात तर दिले असतेत ना? मग घ्यायचेही.

फोन नको, व्हॉट्सॅप तर नकोच, कारण ते निरोप दोन मिनिटांत बहिणी-बहिणींच्या चॅटमध्ये जातील. समोर बसून एवढंच सांगा: "बीव्हर आधी ठरला नव्हता, तो मी काढतोय. चौसष्टचे बत्तीस, एकूण एकशे अकरा. तुला पटतंय का?" ते हो म्हणाले तर उत्तम. 'तो डावच धरू नकोस' म्हणाले तर ७९ वर या, घासाघीस करू नका. ७९ ला तर त्यांनी कधीच नाही म्हटलेलं नाही. पैसे त्याच दिवशी हातात घ्या आणि वहीचं ते पान फाडा. या सगळ्या प्रकरणात सर्वांत घातक वस्तू मला ती वही वाटते. उधारीवर खेळणारा माणूस हरतोय किती हे त्याला जाणवत नाही, आणि एक दिवस एकदम जाणवतं. साडूंनी वीस पाउंड खाली असताना अकरा दानांवर दुप्पट सांगितली, त्यामागे वहीचा हात आहे. इथून पुढे उठण्याआधी हिशेब चुकता, रोख नाहीतर बँकेने. त्या रात्री जे देता येणार नाही ते लावायचंच नाही.

'पैसे नसतील तर क्यूबला अर्थ नाही' हे मात्र खरं नाही, आणि इथे तुमच्यासारख्या बऱ्याच जणांची सुटका आहे. सुटा डाव खेळू नका, सामना खेळा. आधी सात पॉइंट करेल तो जिंकला. क्यूब आहे, गॅमन आहे, दुप्पट घ्यायची की सोडायची हे सगळं डोकं लावणं आहे. उलट जास्तच, कारण ५-३ असताना योग्य असलेली दुप्पट ३-५ ला चूक ठरू शकते. सामन्यात बीव्हर नसतो, आपोआप दुप्पट नसते, जेकबी नसतो. तुमच्या भांडणाची तिन्ही कारणं दाराबाहेर. एकच नियम लक्षात ठेवायचा: कुणीतरी विजयापासून एक पॉइंटवर आला की लगेचच्या एका डावात क्यूब बंद, त्यानंतर पुन्हा चालू. याला क्रॉफर्ड नियम म्हणतात. मागे असलेल्याकडे गमावण्यासारखं आता काहीच उरलेलं नसतं, तो लगेच फुकटची दुप्पट सांगेल, म्हणून पुढच्याला एक डाव संरक्षण. अशा सामन्यावर पाच पाउंड लावा, किंवा पुढच्या शुक्रवारी मिसळ कुणाच्या घरी, हे लावा. कितीही वाईट रात्र असली तरी पाचाचे सहा होत नाहीत.

सुटे डावच आवडत असतील तर कागदावर लिहून खेळा. वहीचं पहिलं पान त्यासाठी वापरा: आपोआप दुप्पट असेल का, असल्यास एका डावात एकदाच. बीव्हर आहे की नाही. जेकबी आहे की नाही. क्यूब ८ च्या वर न्यायचा नाही. पॉइंटचा भाव दोघांपैकी ज्याचा खिसा हलका आहे त्याने सांगायचा, आणि दुसऱ्याने त्यावर चकार शब्द काढायचा नाही. मित्रांच्या टोळक्यात एकाविरुद्ध सगळे असा खेळ चालतो तिथे तर हे पान हवंच. तिथे एकटा बसलेला एकाच डावात चौघांना देणं लागू शकतो.

कायद्याचं तुम्ही जाता जाता विचारलंत, मीही जाता जाता सांगते. घरात, आपसांत, कुणी प्रवेश फी किंवा कमिशन घेत नसताना खेळणं ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. भारतात पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल, वसुलीसाठी कोर्टात जाता येत नाही. ब्रिटनमध्ये २००७ पासून केवळ पैज आहे म्हणून करार बाद होत नाही. पण साडूंवर दावा लावणाऱ्या माणसाला माझ्या सल्ल्याचा उपयोग होईल असं वाटत नाही. भारतातल्या वाचकांनी मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या ॲपपासून लांब राहावं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ चालवण्यावर बंदी आणली आहे, आणि 'हा कौशल्याचा खेळ आहे' ही सबब त्यात चालत नाही.

सासऱ्यांना निवाडा करायला बोलावू नका. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर त्यांना क्यूब समजावायला घ्याल, तर पहिल्या पाच मिनिटांतच तुम्ही दोघंही त्यांच्या नजरेतून उतराल. त्यांचं म्हणणं अगदीच चुकलेलं आहे असंही नाही. वहीवर चाललेला, रोज भाव चढणारा, एकाला झोप न येऊ देणारा खेळ बाहेरून जुगारासारखाच दिसतो. सामना सुरू करा, हिशेब मिटवा, मग पुढच्या कॉलला 'मिटलं' एवढंच सांगा. पत्नीला मात्र खरा आकडा सांगा, आधी सांगा. त्यांना १४३ हा आकडा बहिणीकडून कळला, हे तुमच्या पत्रात कंसात आहे. माझ्या मते ते कंसाबाहेर असायला हवं होतं.

मुलाला खुशाल शिकू द्या. बारा वर्षांच्या मुलासाठी छत्तीस दानांचा तक्ता ही शाळेतल्या संभाव्यतेच्या धड्यापेक्षा चांगली शिकवणी आहे. कागदावर सहा बाय सहा चौकट आखून दोन असलेले अकरा चौकोन त्यालाच रंगवायला सांगा. बारा का नाहीत, हे त्याला स्वतःचं स्वतःला कळलं पाहिजे. त्याच्याशी पैसे लावू नका, खाऊच्या पैशांतलेही नाहीत. क्यूब सहा महिने पेटीतच राहू द्या. आधी त्याला एकटी सोंगटी उघडी न टाकता घरी आणता येऊ दे आणि हरत असतानाही एक सोंगटी बाहेर काढून गॅमन वाचवता येऊ दे. शुक्रवारी तो तुमच्याऐवजी साडूंच्या बाजूला बसला तरी चालेल. त्यांना तक्ता लागणारच आहे.